सरकारी वकिलांचा सन्मान : नाशिककर वारंवार विचारतात ते प्रश्न

आम्ही नाशिकमधली सात-आठ मंडळी. गुन्ह्याची झळ बसलेल्या माणसांना कोर्टात धीर देणाऱ्या सरकारी वकिलांचा वर्षातून एकदा छोटासा सन्मान करतो. नोंदणीकृत संस्था नाही, वर्गणी नाही. मी स्वतः कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे प्रश्न माझ्याकडे जास्त येतात. फोनवर येतात, व्हॉट्सअॅपवर येतात, रविवार कारंजावर पिशवी हातात असतानाही येतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा आले म्हणून ही उत्तरं लिहून काढली.

१. सरकारी वकील नेमका कोणाला म्हणायचं? कोर्टात सगळेच काळ्या कोटात असतात.

प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात मारामारी, चोरी, विनयभंग असे खटले चालतात. तिथे सरकारतर्फे उभे राहतात ते सहायक सरकारी अभियोक्ता. हे पगारी अधिकारी असतात आणि लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन येतात. खून, बलात्कार, पोक्सोचे (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचे) खटले सत्र न्यायालयात चालतात. तिथे जिल्हा सरकारी वकील आणि त्यांचे अतिरिक्त व सहायक सहकारी काम पाहतात. ही मंडळी मुळात वकिली करणारीच, सरकार त्यांना ठरावीक मुदतीसाठी नेमतं आणि फी देतं. तिसरा प्रकार विशेष सरकारी वकिलांचा. त्यांची नेमणूक एखाद्या खटल्यापुरती किंवा ठरावीक प्रकारच्या खटल्यांपुरती होते आणि त्यासाठी एरवी किमान १० वर्षांची, पोक्सोच्या खटल्यांसाठी किमान ७ वर्षांची वकिली लागते.

सरकारी वकिलांच्या टेबलाशी फाइली घेऊन बसलेला पोलीस हा पैरवीचा माणूस, तो वकील नव्हे. पण साक्षीदाराला समन्स पोचलं का, मुद्देमाल आला का, हे सगळं तोच पाहतो. त्याचंही कौतुक करावंसं वाटलं तर जरूर करा.

कोण कुठल्या प्रकारात मोडतो हे आधी पाहा, कारण पुढचे नियम त्यावर ठरतात (प्रश्न ८).

२. सरकारी वकील म्हणजे आमचेच वकील ना?

नाही. निम्मे गैरसमज इथूनच सुरू होतात. ते राज्याचे वकील. फौजदारी गुन्हा हा एका माणसाविरुद्ध घडला तरी कायदा तो समाजाविरुद्धचा मानतो, म्हणून खटल्याच्या नावात 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक' असं असतं. तुमचं नाव फिर्यादी किंवा साक्षीदार म्हणून येतं.

शिवाय त्यांच्यावर आरोपीबद्दलचंही कर्तव्य आहे. वकिलांचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम सांगतो की, सरकार पक्षाच्या वकिलाने निरपराध माणसाला शिक्षा होईल अशा रीतीने खटला चालवू नये आणि आरोपीच्या निर्दोषत्वाचा पुरावा दडवू नये. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली शिवकुमार विरुद्ध हुकुमचंद या खटल्यात म्हटलं, काहीही करून शिक्षा मिळवायचीच अशी तहान सरकारी वकिलाला नसावी. सन्मान करताना हे विसरलं की सत्काराचं भाषण सूडाचं होतं.

३. मग सन्मान कशाबद्दल करता? शिक्षा लावली म्हणूनच ना?

नाही, आणि यावर आमच्याशी सगळ्यात जास्त वाद घातला जातो.

शिक्षा न्यायाधीश देतात, आणि पुराव्यावर देतात. पुरावा पोलीस गोळा करतात, न्यायवैद्यक प्रयोगशाळा तपासते, साक्षीदार टिकवतात किंवा फिरवतात. जन्मठेपा मोजून पुरस्कार दिला तर तो बहुतेक वेळा ज्याच्या वाट्याला चांगला तपास आला त्यालाच जाईल.

आम्ही पाहतो ते वेगळंच. माझ्या नोकरीतली एक आठवण सांगतो. मुलाच्या खुनाच्या खटल्यात साक्षीला आलेली एक आई सकाळपासून व्हरांड्यातल्या बाकावर बसून होती. पुकारा झाला आणि पुढची तारीख पडली. तिला वाटलं खटला संपला, आरोपी सुटला. ती रडायला लागली. सगळे पुढच्या कामाला लागले होते. सहायक सरकारी वकील मॅडम मात्र तिच्याजवळ गेल्या, बाकावर शेजारी बसल्या आणि सांगितलं, "आज आरोपीचे वकील आले नाहीत म्हणून तारीख पडली. तुमची साक्ष व्हायची आहे अजून. पुढच्या वेळी थेट माझ्याकडे या, बाहेर ताटकळू नका." दोन मिनिटं लागली असतील. रोजनाम्यात याची नोंद होत नाही.

आम्ही शोधतो त्या अशाच गोष्टी :

साक्षीआधी कठड्यात काय होतं, उलटतपासात कसे प्रश्न येतात, आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणायला हरकत नसते, हे समजावलं का? (साक्ष पढवणं वेगळं. ते करणाऱ्याचा सन्मान आम्ही करणार नाही.) बलात्काराच्या खटल्यात कामकाज बंद दालनात चाललं पाहिजे, यावर लक्ष ठेवलं का? पोक्सोच्या खटल्यात मुलाला आरोपी दिसू नये अशी व्यवस्था मागितली का, आणि बचाव पक्षाचे प्रश्न थेट मुलावर न आदळता न्यायाधीशांमार्फत जावेत या पोक्सोच्या कलम ३३ चा आग्रह धरला का? उलटतपासात चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाल्यावर उठून हरकत घेतली की मान खाली घालून फाइल चाळली? शेवटच्या युक्तिवादात नुकसानभरपाईचा मुद्दा काढला का? गावाकडून आलेल्या साक्षीदाराला भत्ता मिळतो हे त्याला सांगितलं का?

यातला शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटेल. सुरगाण्याहून मजुरी बुडवून एसटीने आलेल्या माणसाला विचारा.

४. आरोपी निर्दोष सुटला. त्या वकिलांचं नाव सुचवलं तर चालेल का?

चालेल. साक्षीदार फितूर झाले, पंच उलटले, तरी शेवटपर्यंत नेटाने लढलेल्यांना आम्ही मान दिला आहे. आणि सुरुवातीलाच "पुरावा कमी आहे, खोटी आशा देत नाही" असं तोंडावर सांगणाऱ्यालाही. हे ऐकताना वाईट वाटतं, पण तीन वर्षांनी पाहिलं तर तोच माणूस प्रामाणिक ठरतो.

निकालावर अपील करायचं असेल तर प्रश्न १४ पाहा.

५. नाव कोण सुचवू शकतं? निवड कशी होते?

पीडित व्यक्ती, तिचे नातेवाईक, साक्षीदार, समुपदेशक, तपास अधिकारी, कोणीही. स्वतःचं नाव स्वतः पाठवू नये, आणि सहकारी वकिलांनी एकमेकांची नावं पाठवली तर ती बाजूला ठेवतो. अर्ज छापलेला नाही. साध्या कागदावर काय घडलं ते लिहा. 'अत्यंत कर्तव्यदक्ष व अभ्यासू' अशी विशेषणं लिहू नका, प्रसंग लिहा. आम्ही शक्य तिथे दोन वेगळ्या माणसांकडून खातरजमा करतो.

६. खटला अजून चालू आहे. आत्ताच सत्कार केला तर वकिलांना हुरूप येईल, नाही का?

हुरूप येईल तो बचाव पक्षाला. 'सरकारी वकील फिर्यादीच्या घरच्यांकडून सत्कार घेतात' एवढं वाक्य उलटतपासात यायला पुरेसं आहे. चालू खटल्यात हार, फोटो, पोस्ट काहीही नको.

निकालानंतर? हे जरा नाजूक आहे. सत्र न्यायालयाच्या निकालावर अपील मुंबई उच्च न्यायालयात जातं आणि ते वर्षानुवर्षं चालतं. तोवर त्या एका खटल्याच्या नावाने सन्मान करणं म्हणजे निकाल अंतिम झाल्याची द्वाही फिरवणं. म्हणून आम्ही खटल्याचा उल्लेखच करत नाही, वकिलाच्या काही वर्षांच्या कामाचा करतो. अनेकांना हे मिळमिळीत वाटतं. वाटू दे.

७. पीडित मुलीच्या हस्तेच सत्कार ठेवला तर किती हृदयस्पर्शी होईल!

ठेवू नका. या एका प्रश्नाला आम्ही फोनवर सरळ 'नाही' म्हणतो.

लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेत तो २२८-अ होता. पीडित बालक असेल तर पोक्सोचं कलम २३ लागतं. तिथे आईवडिलांची संमती कामाची नाही, बालकाच्या हिताचं आहे असं विशेष न्यायालयाला वाटलं तरच परवानगी मिळते. पीडिता हयात नसेल तरीसुद्धा, केवळ नातेवाईक 'हो' म्हणाले म्हणून नाव जाहीर करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना खटल्यात स्पष्ट केलं. सज्ञान पीडितेने स्वतः लेखी परवानगी दिली तर कायद्याची आडकाठी नाही, पण अशा वेळीही आम्ही तिला स्टेजवर बोलावत नाही. टाळ्या संपल्यावर तिला त्याच गल्लीत राहायचं असतं.

ओळख नावानेच उघड होते असं नाही. पहिल्या वर्षी आमच्याच बॅनरवर गावाचं नाव आणि घटनेचं वर्ष छापलं गेलं होतं. एकाने संध्याकाळी पाहून विचारलं, "त्या शाळेजवळची केस का ही?" रात्रीच बॅनर उतरवला. तेव्हापासून ना गाव, ना वर्ष, ना शाळा.

खून, अपघात, फसवणूक अशा खटल्यांत ही कायदेशीर बंधनं नाहीत. तिथे नातेवाईक यायला तयार असतील तर येऊ द्या, पण त्यांना भाषण करायला लावू नका.

८. शाल-श्रीफळ तरी देता येईल का? येवल्याची पैठणी, चांदीचं नाणं, द्राक्षांची पेटी?

पैठणी, चांदी आणि पाकीट यांतलं काहीच नाही. द्राक्षांची पेटीही नको, कितीही घरची असली तरी.

सहायक सरकारी अभियोक्त्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. त्यांत भेटवस्तूंवर निर्बंध आहेत, आणि आपल्या सन्मानार्थ भरवलेल्या सभेला जाण्यासाठी किंवा मानपत्र स्वीकारण्यासाठी पूर्वपरवानगी लागते. जिल्हा सरकारी वकील पगारी नोकर नाहीत म्हणून ते मोकळे, असं काहींना वाटतं. तसं नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या लोकसेवकाच्या व्याख्येत सरकारी कर्तव्यासाठी सरकारकडून फी घेणाराही येतो. आणि ज्याच्या खटल्याशी आपला संबंध आहे किंवा येणार आहे त्याच्याकडून मौल्यवान वस्तू घेणं लोकसेवकाला महागात पडतं. तुमच्या मनात कृतज्ञता असेल, कागदावर मात्र ती वेगळी दिसते.

आम्ही देतो ते एक पत्र, हाताने लिहिलेलं, साध्या फ्रेममध्ये. सोबत गोदाकाठच्या फुलवाल्याकडून घेतलेलं एक फूल. चहा-बिस्किटांवर अजून कोणी आक्षेप घेतलेला नाही.

९. परवानगी कोणाकडून, आणि ती आम्ही काढायची का?

ती त्यांनीच काढायची असते, पण त्यांना काढता येईल इतका वेळ तुम्ही द्यायला हवा. कार्यक्रमाच्या किमान दोन महिने आधी त्यांच्या कार्यालयाच्या पत्त्यावर लेखी कळवा. आयोजक कोण, खर्च कोण करणार, काय देणार, पाहुणे कोण, हे चारही मुद्दे लिहा. सहायक अभियोक्ते ते पत्र आपल्या वरिष्ठांमार्फत अभियोग संचालनालयाकडे, म्हणजे त्यांच्या राज्यस्तरीय खात्याकडे, पाठवतील. नकार आला तर वाईट वाटून घेऊ नका. दोनदा असं झालं, तेव्हा आम्ही पत्र पोस्टाने पाठवून मोकळे झालो.

१०. प्रमुख पाहुणे म्हणून न्यायाधीशसाहेबांना बोलवू का?

ज्या न्यायाधीशांपुढे ते वकील रोज उभे राहतात त्यांच्या हातून? आरोपीच्या जागी उभे राहून पाहा. निवृत्त न्यायाधीश, समाजकार्याचे प्राध्यापक किंवा एखादी अनुभवी परिचारिका चालेल. आमदार-नगरसेवक आम्ही बोलावत नाही. ते आले की कार्यक्रम त्यांचा होतो.

११. अभिनंदनाचा फ्लेक्स लावला तर? आमच्या चौकात सगळ्यांचे लागतात.

लागतात म्हणूनच नको. महापालिकेच्या परवानगीचा प्रश्न आहेच, शिवाय बार कौन्सिलचा नियम ३६ वकिलाला प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष जाहिरातीपासून रोखतो, आणि आपण चालवलेल्या खटल्यांच्या संदर्भात फोटो छापून आणण्यालाही. तुमच्या कौतुकाने त्यांच्यावर तक्रार व्हायची. फेसबुक पोस्टलाही हेच लागू.

१२. कार्यक्रम कुठे आणि कधी ठेवावा?

कोर्टाच्या आवारात नको. सार्वजनिक वाचनालयाचं औरंगाबादकर सभागृह किंवा कुसुमाग्रज स्मारकातलं विशाखा सभागृह अशा जागा आहेत, पण आमचा कार्यक्रम तीस खुर्च्यांचा, एखाद्याच्या दिवाणखान्यातही होतो. रविवार बरा. सिंहस्थाच्या पर्वणीच्या आसपास ठेवू नका, शहरात पोचणंच अवघड.

तारखेला अर्थ हवा असेल तर २९ नोव्हेंबर आहे. १९८५ साली याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने गुन्ह्यातील पीडितांना न्याय मिळण्याविषयीचा जाहीरनामा स्वीकारला. माहितीसाठी : अमेरिकेत १९८१ पासून पीडितांच्या हक्कांचा राष्ट्रीय सप्ताह पाळतात, हल्ली तो एप्रिलमध्ये असतो, आणि पीडितांसाठी झटणाऱ्यांना त्या निमित्ताने गौरवतात.

१३. सरकार स्वतः असा सन्मान देत नाही का?

मोठ्या नावांना मिळतो. जळगावचे उज्ज्वल निकम यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. उत्तम तपासासाठी पोलिसांना केंद्रीय गृहमंत्र्यांचं पदक २०१८ पासून सुरू झालं. पण दिंडोरीच्या किंवा नांदगावच्या कोर्टात रोज फाइलींचा ढीग उपसणाऱ्या अभियोक्त्याचं काय? तालुक्यांतून आम्हाला फार कमी पत्रं येतात. मालेगाव, निफाड, येवला, कळवणच्या वाचकांनी हे स्वतःला उद्देशून आहे असं समजावं.

१४. आमचा अनुभव उलटा आहे. सरकारी वकील आमच्याशी धड बोललेच नाहीत. आम्ही काय करायचं?

सन्मानाबद्दल विचारणाऱ्यांपेक्षा असे फोन जास्त येतात, म्हणून सविस्तर सांगतो. फौजदारी खटला कसा चालवायचा हे ठरवणारी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. खाली कंसात दिलेली कलमं तिची. त्याआधी सुरू झालेल्या खटल्यांना जुनी संहिता लागू असू शकते, ते वकिलांकडून तपासून घ्या.

तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे (कलम १९३). न्यायालयाच्या परवानगीने तुम्ही आपला वकील सरकार पक्षाच्या मदतीला देऊ शकता (कलम १८). त्याच्या मर्यादा प्रश्न १५ मध्ये आहेत. सरकारने खटला मागे घ्यायचं ठरवलं तर पीडिताचं म्हणणं ऐकल्याशिवाय न्यायालय परवानगी देऊ शकत नाही (कलम ३६०). ही नव्या संहितेतली मोलाची भर आहे आणि अजून फार लोकांना ठाऊक नाही. आरोपी सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर तुम्ही स्वतः अपील करू शकता (कलम ४१३). शिक्षा कमी वाटते एवढ्याच कारणावर मात्र नाही, ते अपील सरकारनेच करायचं.

जामिनाच्या सुनावणीत तुम्हाला बोलू दिलं नाही, तर सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा जगजीत सिंग विरुद्ध आशिष मिश्रा हा निकाल तुमच्या वकिलाला दाखवा. तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे, असं त्यात आहे.

वागणुकीची तक्रार असेल तर तारीख, वेळ, काय म्हटलं हे लिहून अभियोग संचालनालयाकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या. आमच्याकडे नको, आम्हाला अधिकार नाही. एवढं मात्र पाहून ठेवा की एका अभियोक्त्याच्या टेबलावर दिवसाला किती फाइली असतात. न बोलणं हे दरवेळी तुसडेपणामुळेच असतं असं नाही.

१५. आम्ही लावलेल्या खासगी वकिलांनीच सगळं केलं. त्यांचा सन्मान होईल का?

आभार जरूर माना, त्यांना भेट द्यायला प्रश्न ८ मधली बंधनं नाहीत. पण 'सगळं त्यांनीच केलं' हे बहुधा खरं नसतं. खासगी वकिलाने सरकारी वकिलाच्या सूचनेनुसार काम करायचं असतं, आणि पुरावा संपल्यावर परवानगीने लेखी युक्तिवाद देता येतो. स्वतंत्रपणे साक्षीदार तपासणं किंवा उलटतपास घेणं त्याला करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रेखा मुरारका खटल्यात सांगितलं. राहून गेलेला प्रश्न तो सरकारी वकिलाला सुचवू शकतो. जे सरकारी वकील अशी चिठ्ठी अहंकार न दाखवता हातात घेतात त्यांची नावं आम्हाला नक्की कळवा.

१६. भरपाईचं कोण पाहतं? तुम्ही मदत मिळवून देता का?

आम्ही नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण पाहतं, त्याचं कार्यालय जिल्हा न्यायालयात आहे. मोफत सल्ल्यासाठी १५१०० हा क्रमांक. आरोपी सापडला नाही तरी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ खाली अर्ज करता येतो. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि अॅसिड हल्ल्यातील पीडितांसाठी राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. अर्जाला निकालाची वाट पाहायची नसते. दवाखान्याचं म्हणाल तर अशा पीडितांवर प्रथमोपचार मोफत करणं सरकारी-खासगी दोन्ही रुग्णालयांवर बंधनकारक आहे.

१७. आमच्या खटल्यातल्या सरकारी वकील मॅडम आता निवृत्त झाल्या. नुसतं पत्र लिहावंसं वाटतं, पण सुरुवात कशी करू?

निवृत्तांच्या बाबतीत वर्तणूक नियमांची अडचण राहत नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहा. फक्त एखाद्या खटल्यात त्यांना विशेष सरकारी वकील म्हणून नेमलेलं नाही ना, ते पाहा.

'आपल्या उत्तुंग कार्यास' वगैरे नको. "तुम्हाला मी आठवणार नाही. माझ्या भावाच्या केसमध्ये मी साक्षीला आले होते आणि तुम्ही मला पाणी दिलं होतं" अशी सुरुवात केली तरी पुरे. मराठीत लिहा, अहिराणीत आलं तर अहिराणीत. आम्ही कोणाच्याही घरचे पत्ते देत नाही. पाकिटावर नाव घालून आमच्याकडे द्या, आम्ही नेऊन पोचवतो.